ब्रिटिश फुटबॉलमधले झेंडे, हाडवैरं आणि ‘तुम्ही नक्की कुठले?’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः दोन प्रकारच्या मराठी चाहत्यांना पडतात. एक, रात्री जागून सामने पाहणारे. त्यांना झेंड्यांचा घोळ उलगडत नाही. दुसरे, शिक्षण-नोकरीसाठी तिकडे गेलेले. त्यांना चुकीच्या रंगाचा स्कार्फ घालून चुकीच्या पबात शिरायचं नसतं. उत्तरं दोघांनाही उपयोगी पडावीत अशी दिली आहेत.

ब्रिटन एक देश आहे, मग फुटबॉलचे संघ चार कसे?

कारण संघ आधी झाले, फिफा नंतर आली. इंग्लंडची फुटबॉल संघटना १८६३ ची, स्कॉटलंडची १८७३ ची, वेल्सची १८७६ ची आणि आयर्लंडची (आज ती उत्तर आयर्लंडपुरती उरली आहे) १८८० ची. फिफाचा जन्म १९०४ चा. जगातला पहिला अधिकृत आंतरराष्ट्रीय सामना ३० नोव्हेंबर १८७२ रोजी ग्लासगोजवळ पार्टिकच्या क्रिकेट मैदानावर स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यात झाला आणि ०-० असा सुटला. तेव्हा खेळायला दुसरा देशच नव्हता.

हा मान आजही कागदावर टिकून आहे. खेळाचे नियम ठरवणाऱ्या, १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मंडळात या चौघांना प्रत्येकी एक मत आहे आणि उरलेल्या साऱ्या जगाच्या वतीने फिफाला चार. नियम बदलायला आठपैकी सहा मतं लागतात. म्हणजे चौघे एकत्र आले तर बदल अडवू शकतात, पण फिफाशिवाय एकही बदल करू शकत नाहीत. ‘एका देशाला एवढे संघ आणि एवढी मतं कशाला?’ असं जगाने विचारू नये, ही धास्ती या संघटनांच्या मनात कायम असते. पुढच्या बऱ्याच भांडणांचं मूळ तिथे आहे.

कोणता झेंडा कोणाचा?

पांढऱ्यावर लाल अधिक-चिन्ह म्हणजे सेंट जॉर्जचा क्रॉस: इंग्लंड. निळ्यावर पांढरी फुली म्हणजे सेंट अँड्र्यूचा सॉल्टायर: स्कॉटलंड. पांढऱ्या-हिरव्यावर लाल ड्रॅगन: वेल्स, तो अधिकृत झाला १९५९ मध्ये. उत्तर आयर्लंडचं प्रकरण वेगळं आहे, ते खाली येईल. युनियन जॅक या सगळ्यांच्या वरचा, राज्याचा झेंडा. १६०६ मध्ये इंग्लंड आणि स्कॉटलंडचे क्रॉस एकत्र आले, १८०१ मध्ये आयर्लंडसाठी सेंट पॅट्रिकची लाल फुली त्यात घातली गेली.

त्यात वेल्स कुठे आहे?

नाही. १६०६ मध्ये वेल्स कायद्याने इंग्लंडच्या राज्यातच धरला जात होता. वेल्सचे चाहते ही गोष्ट विसरलेले नाहीत.

युनियन जॅक उलटा लागलाय हे कसं ओळखायचं?

काठीच्या बाजूचा वरचा कोपरा पाहा. तिथे तिरप्या लाल पट्टीच्या वर रुंद पांढरी पट्टी दिसली पाहिजे. अरुंद पांढरी वर आणि रुंद खाली दिसली तर झेंडा उलटा आहे. सेंट जॉर्जचा क्रॉस आणि सॉल्टायर वर-खाली सारखेच, त्यामुळे ते उलटे लागत नाहीत. स्टेडियमच्या कठड्यांवर उलटे युनियन जॅक सर्रास दिसतात, आणि बहुतेक वेळा ते देशभक्तीच्या घोषणा देणाऱ्यांच्याच पुढ्यात लटकत असतात.

१९६६ च्या अंतिम सामन्याच्या फोटोंत इंग्लंडचे चाहते युनियन जॅक फडकवतात आणि आज लाल क्रॉस. मधे काय झालं?

१९६६ मध्ये इंग्लंडच्या माणसाला ‘इंग्लिश’ आणि ‘ब्रिटिश’ यांत फरक करायची गरज भासत नव्हती. स्पर्धेचा शुभंकर ‘विली’ नावाचा सिंह युनियन जॅकचाच शर्ट घालून होता आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. स्कॉटिश आणि वेल्श माणसांना खटकत असे, पण त्यांना कोण विचारतो!

बदल ठळकपणे दिसला तो १९९६ च्या युरो स्पर्धेत. स्पर्धा इंग्लंडमध्येच होती आणि गटात समोर स्कॉटलंड आलं. १५ जून १९९६ ला वेम्बलीवर समोरच्या स्टँडमध्ये सॉल्टायर असताना आपण युनियन जॅक धरला, तर त्यात स्कॉटलंडचाही क्रॉस आहे! मग हातात काय धरायचं? सेंट जॉर्जचा क्रॉस. इंग्लंडने तो सामना २-० ने जिंकला; सीमनने मॅकॅलिस्टरची पेनल्टी अडवली आणि लगेच गॅस्कॉइनने गोल केला. पुढच्याच वर्षी स्कॉटलंड आणि वेल्समध्ये स्वतंत्र विधिमंडळांसाठी सार्वमतं झाली आणि १९९९ मध्ये ती सुरू झाली. ‘मग इंग्लिश म्हणजे कोण?’ हा प्रश्न राजकारणातही उभा राहिला. राजकीय पक्षांनी त्याचं उत्तर टाळलं, स्टेडियमने झेंडा बदलून दिलं. २००२ च्या विश्वचषकापासून गाडीच्या खिडकीला लावायचे छोटे प्लॅस्टिकचे झेंडे पेट्रोल पंपांवर मिळू लागले आणि प्रकरण घराघरात पोचलं.

सेंट जॉर्जचा क्रॉस लावणारा माणूस उजव्या कट्टर विचारांचा असतो का?

सरसकट नाही, आणि तसं गृहीत धरलं तर फसाल. सत्तर-ऐंशीच्या दशकांत नॅशनल फ्रंटसारख्या गटांनी युनियन जॅक आणि काही स्टँड दोन्ही ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला होता, पुढे काही गटांनी लाल क्रॉसही उचलला, हे खरं. पण त्याच क्रॉसखाली साका, बेलिंगहॅम आणि रॅशफर्डच्या जर्सी घातलेली कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई कुटुंबंही बसतात.

संदर्भ पाहायचा. स्पर्धेच्या महिन्यात पबवर, बाल्कनीत, गाडीवर लागलेला झेंडा बहुतेक वेळा फुटबॉलचाच असतो. स्पर्धा नसताना रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांवर रांगेने लागलेले झेंडे वेगळं काही सांगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये बर्मिंगहॅमसह अनेक शहरांत अशी मोहीम झाली, रस्त्यांवरच्या छोट्या गोल चौकांवर लाल क्रॉस रंगवले गेले, आणि काही नगरपालिकांनी ते काढल्यावर वाद पेटला. या विषयाने राजकीय खुर्च्याही घालवल्या आहेत: २०१४ मध्ये रॉचेस्टर-स्ट्रूड मतदारसंघातल्या एका घरावरच्या इंग्लंडच्या झेंड्यांचा फोटो ट्विट केल्यामुळे मजूर पक्षाच्या एमिली थॉर्नबेरी यांना पक्षाच्या आघाडीच्या फळीतून राजीनामा द्यावा लागला. फोटोवर टीकेचा एक शब्दही नव्हता. लोकांनी त्यात कामगार वर्गाबद्दलची तुच्छता वाचली. मार्च २०२४ मध्ये नायकेने इंग्लंडच्या जर्सीच्या कॉलरमागचा छोटा क्रॉस जांभळ्या-निळ्या छटांत छापला, तर पंतप्रधान आणि विरोधी पक्षनेते दोघेही त्यावर बोलले. कॉलरमागच्या छोट्याशा नक्षीवर!

मग आता युनियन जॅक कोणत्या स्टँडमध्ये दिसतो?

ग्लासगोत रेंजर्सच्या आणि बेलफास्टमध्ये लिनफिल्डच्या. चेल्सीच्या काही चाहत्यांची या दोघांशी जुनी सलगी आहे, त्यामुळे तिथेही. म्हणजे जो झेंडा साऱ्या ब्रिटनचा, तो फुटबॉलमध्ये एका बाजूचा झाला. ‘ब्रिटन’ नावाचा संघ नाही, म्हणून त्या झेंड्याला स्टेडियममध्ये घर नाही. आणि जिथे ‘ब्रिटिश राहायचं की नाही’ हेच भांडण आहे, तिथे तो जाऊन बसला.

सेल्टिक आणि रेंजर्स एकाच शहरातले. एवढं वैर कशाचं?

रेंजर्स १८७२ चा. सेल्टिकची स्थापना नोव्हेंबर १८८७ मध्ये ग्लासगोच्या पूर्व भागातल्या सेंट मेरी चर्चच्या सभागृहात झाली. पुढाकार ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूचा आणि हेतू गरीब कॅथलिक मुलांच्या जेवणासाठी पैसे उभे करण्याचा. १८४० च्या दशकातल्या बटाट्याच्या दुष्काळानंतर आयर्लंडहून आलेल्यांची ही वस्ती. दोघांचा पहिला सामना मे १८८८ मध्ये झाला, सेल्टिकने तो ५-२ ने जिंकला, आणि त्या काळच्या नोंदींत तो खेळीमेळीचाच दिसतो.

विष हळूहळू चढलं. रेंजर्सचं इब्रॉक्स मैदान गोवनच्या गोद्यांजवळ आहे. १९१२ मध्ये बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ कंपनीने गोवनमध्ये जहाजांची गोदी घेतली आणि तिकडचे प्रोटेस्टंट कामगार आपली भांडणं सोबत घेऊन आले. मग आयर्लंडचं स्वातंत्र्य, फाळणी आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेला उत्तर आयर्लंडमधला रक्तपात. प्रत्येक टप्प्यावर दोन्ही स्टँड आणखी घट्ट झाले. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ हा सामना पाहिलेल्याला पेठेची ईर्ष्या सांगावी लागत नाही. ग्लासगोत त्या ईर्ष्येवर धर्म, वंश आणि एका अख्ख्या देशाचा प्रश्न चढला आहे.

रेंजर्स अनेक दशकं उघडपणे कॅथलिक खेळाडू घेत नसे. हा अलिखित नियम जुलै १९८९ मध्ये ग्रॅम सूनेस यांनी मो जॉन्स्टनला घेऊन मोडला. जॉन्स्टन आधी सेल्टिककडून खेळलेला, त्यामुळे दोन्हीकडचे चाहते भडकले. आज दोन्ही संघांत सगळ्या धर्मांचे, देशांचे खेळाडू आहेत. गाणी मात्र जुनीच. ‘फेनियन’ (आयरिश कॅथलिकांसाठीचा हेटाळणीचा शब्द) अशी शिवीगाळ असलेल्या गाण्यांवरून युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, रेंजर्सला २००६ मध्ये दंड केला. आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेची भलावण करणारी गाणी सेल्टिकच्या स्टँडमधून येतात.

आज या वैराचा नकाशा साधारण असा: सेल्टिककडे आयर्लंडचा तिरंगा, रेंजर्सकडे युनियन जॅक आणि अल्स्टरचा (आयर्लंडच्या उत्तरेकडच्या प्रांताचा) लाल पंजा. सेल्टिकचे बरेच चाहते आयर्लंडच्या संघाला पाठिंबा देतात. रेंजर्सच्या काहींना इंग्लंडबद्दल जवळीक वाटते. स्कॉटलंडचा झेंडा दोन्हीकडे कमी दिसतो. नवख्याला सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट हीच.

परक्या देशाचा झेंडा मैदानावर फडकवण्यावर कुणी हरकत घेतली नाही?

घेतली, १९५२ मध्ये. स्कॉटिश संघटनेने सेल्टिकला फर्मावलं, मैदानावरचा आयरिश तिरंगा उतरवा. अध्यक्ष रॉबर्ट केली यांनी ठाम नकार दिला आणि प्रकरण क्लबच्या हकालपट्टीपर्यंत गेलं. गंमत अशी की उतरवा म्हणणाऱ्यांत आघाडीवर हॅरी स्वॉन होते, म्हणजे हिबर्निअनचे अध्यक्ष (हिबर्निअनही आयरिश स्थलांतरितांनीच काढलेला क्लब), आणि सेल्टिकच्या बाजूने उभं राहिलं रेंजर्स. कारण सरळ आहे: सेल्टिक नसेल तर तिकिटं कोण विकत घेणार? अखेर संघटनेने माघार घेतली.

ग्लासगोत सेल्टिक-रेंजर्स सामन्याला जायचं असेल तर?

खुल्या विक्रीत तिकीट मिळेल अशी आशा ठेवू नका. यजमान क्लबचं सीझन तिकीट किंवा सदस्यत्व लागतं, आणि दलालाकडून घेतलेलं तिकीट गेटवर बाद होऊ शकतं. पाहुण्या चाहत्यांना पूर्वी सात हजारांच्या वर जागा मिळत. २०१८ मध्ये त्या आठशेच्या आसपास आणल्या गेल्या आणि मधल्या काळात काही सामने पाहुण्यांविनाच झाले. सामना सहसा दुपारी बारा-साडेबाराला ठेवतात, म्हणजे आधी प्यायला वेळ कमी मिळतो.

सामन्याच्या दिवशी शहरात हिरवं-पांढरं किंवा गडद निळं घालू नका. नारिंगी रंगही टाळा. तो प्रोटेस्टंट ऑरेंज परंपरेचा मानला जातो. अनेक पबांच्या दारावर ‘फुटबॉलचे रंग चालणार नाहीत’ अशी पाटी असते आणि दारावरचा माणूस ती पाळतो. दोन्ही संघांचा अर्धा-अर्धा स्कार्फ पर्यटकांसाठी विकतात. तो घातला तर मार नाही, पण कुचेष्टा नक्की. ‘तुम्ही कोणत्या शाळेत होता?’ असा निरागस प्रश्न आला तर समजा, तुमचा धर्म विचारला जातोय. नागपूरची शाळा सांगितल्यावर विषय संपतो.

स्कॉटलंडमध्ये १९८० पासून साध्या स्टँडमध्ये दारू मिळत नाही. त्या वर्षी ग्लासगोच्या हॅम्पडन मैदानावर याच दोघांच्या कप-अंतिम सामन्यानंतर मैदानात झालेल्या दंगलीची ती देणगी.

उत्तर आयर्लंडच्या सामन्यांत दिसणारा, लाल पंजा असलेला झेंडा अधिकृत आहे का?

नाही. पांढऱ्यावर लाल क्रॉस, मधे सहा टोकांचा तारा, त्यात लाल पंजा, वर मुकुट: हा ‘अल्स्टर बॅनर’ १९५३ पासून स्टॉरमाँटच्या, म्हणजे उत्तर आयर्लंडच्या स्थानिक सरकारचा झेंडा होता. १९७३ मध्ये ती व्यवस्था कायद्याने संपली आणि झेंड्याचा अधिकृत दर्जाही गेला. फुटबॉलमध्ये आणि राष्ट्रकुल स्पर्धांत मात्र तो चालूच राहिला. कॅथलिक-राष्ट्रवादी समाजाला तो आपला वाटत नाही. सामन्याआधी ‘गॉड सेव्ह द किंग’ वाजतं, तेही त्यांना आपलं वाटत नाही.

याची किंमत संघाने मोजली आहे. ऑगस्ट २००२ मध्ये सेल्टिककडून खेळणारा नील लेनन बेलफास्टच्या सामन्यात उत्तर आयर्लंडचं कर्णधारपद भूषवणार होता. जिवे मारण्याची धमकी आली आणि तो देशाकडून पुन्हा खेळला नाही. संघटनेने ‘फुटबॉल फॉर ऑल’ ही मोहीम राबवली आणि चाहत्यांनीच हिरवी जर्सी आणि नवी गाणी पुढे आणून विंडसर पार्क या बेलफास्टच्या मैदानाचं वातावरण बरंच निवळवलं. पण १९९८ च्या गुड फ्रायडे करारानुसार तिथल्या माणसाला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही होता येतं. त्यामुळे डेरीत जन्मलेला मुलगा थेट आयर्लंड प्रजासत्ताकाकडून खेळू शकतो. क्रीडा लवादाने २०१० मध्ये डॅनियल कर्न्सच्या प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं.

डेरी सिटी हा क्लब तर १९८५ पासून सीमेपलीकडच्या लीगमध्येच खेळतो.

वेल्सचे क्लब इंग्लिश लीगमध्ये का? तिथल्या चाहत्यांना ते चालतं?

कार्डिफ, स्वानसी, रेक्सहॅम आणि न्यूपोर्ट हे इंग्लंडच्या लीगमध्ये खेळतात, कारण ते तिथे गेले तेव्हा वेल्सची देशव्यापी लीगच नव्हती. ती १९९२ मध्ये आली आणि या क्लबांनी परतायला नकार दिला. पैसा इकडे आहे. कार्डिफने तर १९२७ मध्ये आर्सेनलला १-० ने हरवून इंग्लंडचा एफए कप वेल्सला नेला. उलटही घडतं: इंग्लंडमधल्या ऑस्वेस्ट्री गावात मैदान असलेला ‘द न्यू सेंट्स’ वेल्सच्या लीगमध्ये खेळतो आणि इंग्लंडमधल्या बेरिकचा क्लब स्कॉटलंडच्या रचनेत. सीमा नकाशावर एकीकडे, फुटबॉलची दुसरीकडे.

राष्ट्रीय संघामागे सगळे एकत्र असतात. कार्डिफ-स्वानसी सामन्यात मात्र ड्रॅगन कुणालाच वाचवत नाही. १९९३ मध्ये कार्डिफच्या निनियन पार्कवर एवढी हाणामारी झाली की काही वर्षं पाहुण्या चाहत्यांना बंदीच होती. नंतर ‘बबल’ पद्धत आली: पाहुण्यांनी क्लबने ठरवलेल्या बसमधूनच यायचं आणि परतायचं, स्वतःच्या गाडीने नाही.

स्थानिक रंग राष्ट्रीय रंगापेक्षा किती जड असतो, ते कार्डिफनेच दाखवलं. २०१२ मध्ये मलेशियन मालक व्हिन्सेंट टॅन यांनी निळी जर्सी बदलून लाल केली, बोधचिन्हावर मोठा ड्रॅगन घातला. लाल आणि ड्रॅगन म्हणजे अस्सल वेल्स, मग तक्रार कशाला? पण चाहत्यांना आपला निळा हवा होता. २०१५ च्या जानेवारीत निळा परत आला.

लिव्हरपूलचे चाहते राष्ट्रगीताची हुर्यो का उडवतात?

‘स्काऊस, नॉट इंग्लिश’ (आम्ही लिव्हरपूलकर, इंग्लिश नव्हे) असं लिहिलेला बॅनर ॲनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर दिसतो, त्यात याचं अर्धं उत्तर आहे. शहरात आयरिश वंशाची मोठी वस्ती. १९८१ मध्ये शहरातल्या टॉक्स्टेथ भागात दंगली झाल्या, तेव्हा थॅचर सरकारचे अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी शहराला आटोक्यात ठेवून ओसरू द्यावं अशी सूचना खासगीत केली होती. ती कागदपत्रं नंतर उघड झाली. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या सामन्यात चेंगराचेंगरी झाली, अखेरीस मृतांचा आकडा ९७ वर गेला. पोलिसांनी आणि ‘द सन’ या वृत्तपत्राने दोष चाहत्यांवर ढकलला; मृत्यू बेकायदेशीर होते आणि चाहत्यांचा दोष नव्हता, असं ज्युरीने म्हणायला २०१६ साल उजाडलं. शहरात तो पेपर आजही अनेक दुकानं ठेवत नाहीत.

म्हणून मे २०२२ मध्ये वेम्बलीवर एफए कपच्या अंतिम सामन्यात आणि मे २०२३ मध्ये राज्याभिषेकाच्या दिवशी ॲनफिल्डवर राष्ट्रगीत वाजलं तेव्हा शिट्ट्या आणि हुर्यो ऐकू आली. तिथे बसून याला देशद्रोह म्हणणं धाडसाचं आहे. स्टँडच्या लेखी तो व्यवस्थेशी चुकता न झालेला हिशेब आहे.

एकाच पासपोर्टवर चार संघ, मग खेळाडू कुठला हे कसं ठरतं?

ब्रिटिश नागरिकत्व हवंच, शिवाय त्या भूभागाशी यांपैकी एक नातं: स्वतःचा जन्म, आई किंवा वडिलांचा जन्म, आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म, किंवा अठरा वर्षांचं होण्याआधी तिथल्या शाळेत पाच वर्षं शिक्षण. नुसतं वास्तव्य पुरत नाही. चौघांनी आपसांत तसा करार केला आहे. त्यामुळे प्रौढपणी येऊन, ग्लासगोत दहा वर्षं खेळून ब्रिटिश झालेला परदेशी खेळाडू स्कॉटलंडला मिळत नाही. लेस्टरमध्ये जन्मलेलं आणि एडिनबराच्या शाळेत पाच वर्षं शिकलेलं मराठी मूल मात्र, ब्रिटिश नागरिक असेल तर, इंग्लंड किंवा स्कॉटलंड निवडू शकतं.

कागद एवढा सरळ, मन नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये डब्लिनला इंग्लंडने आयर्लंडला २-० ने हरवलं. गोल डेक्लन राइस आणि जॅक ग्रीलिशचे, दोघेही तरुणपणी आयर्लंडकडून खेळलेले. बाजूला हंगामी प्रशिक्षक ली कार्सली, आयर्लंडचे माजी खेळाडू. त्यांनी इंग्लंडचं राष्ट्रगीत म्हटलं नाही म्हणून वृत्तपत्रांत आठवडाभर गदारोळ. ज्यांना ‘इंग्लिश म्हणजे गोरा’ असं वाटतं, त्यांच्यासाठी जुनी नोंद: ब्रिटिश गयानात जन्मलेल्या अँड्र्यू वॉटसन या कृष्णवर्णीय खेळाडूने मार्च १८८१ मध्ये स्कॉटलंडचं नेतृत्व करत लंडनमध्ये इंग्लंडला ६-१ ने हरवलं. इंग्लंडच्या मुख्य संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, यायला नोव्हेंबर १९७८ उजाडला.

ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये ‘टीम जीबी’ (ग्रेट ब्रिटनचा एकत्र संघ) का नसते?

कारण वर आलेली धास्ती. एकत्र संघ दिसला की ‘मग नेहमीच एकत्र खेळा’ म्हणतील, ही स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांची भीती. लंडन २०१२ ला अपवाद झाला. पुरुष संघात इंग्लिश आणि वेल्श खेळाडूच होते, स्कॉटलंडचा एकही नाही. राष्ट्रगीताच्या वेळी वेल्श खेळाडूंचे ओठ मिटलेले होते यावर चर्चा रंगली. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने पेनल्टींवर हरवलं, तेही कार्डिफमध्ये. पुरुषांचा प्रयोग तिथेच संपला. महिलांचा संघ टोकियोत पुन्हा खेळला.

इंग्लंड-स्कॉटलंड वैर अजून तेवढंच कडवं आहे?

वार्षिक सामना १९८९ नंतर बंद झाला, त्यामुळे धार कमी झाली. जून १९७७ मध्ये वेम्बलीवर २-१ ने जिंकल्यावर स्कॉटिश चाहत्यांनी गोलपोस्ट मोडला आणि हिरवळीचे तुकडे घरी नेले. पुढे इंग्लिश हुल्लडबाजी जगभर बदनाम झाली, तसं ‘टार्टन आर्मी’ने, म्हणजे स्कॉटलंडच्या चाहत्यांनी, उलटं वळण घेतलं: खूप प्यायचं, पण भांडायचं नाही, यजमान शहराशी गोडीने वागायचं. ‘आम्ही ते नव्हे’ हे दाखवण्याचा तो मार्ग आहे, आणि परिणामकारक आहे.

स्वतःच्या गावाचं नाव लिहिलेला झेंडा करून नेता येईल का? कसा?

येईल. इंग्लंडच्या परदेशातल्या सामन्यांत लाल क्रॉसवर छोट्या गावांची, तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतल्या क्लबांची नावं दिसतात ती अशीच केलेली असतात. मोठ्या क्लबांचे झेंडे तिथे तुलनेने कमी असतात.

१. माप आधी ठरवा. बाजारातला नेहमीचा झेंडा ५ × ३ फुटांचा. क्रॉसच्या पट्टीची रुंदी झेंड्याच्या उंचीच्या एक पंचमांश, म्हणजे इथे जेमतेम ७ इंच. तीत ५ इंचांची अक्षरं बसतात आणि ती समोरच्या स्टँडमधून वाचता येत नाहीत. नाव दिसायला हवं असेल तर १० × ६ फुटांचा घ्या. पट्टी १४ इंचांची होते. पण बऱ्याच मैदानांवर एवढा मोठा झेंडा आधी कळवल्याशिवाय आत नेता येत नाही.

२. लाल पट्टीवर पांढरी अक्षरं, आडवी, ठळक. दोन ओळी लिहायच्या तर वरच्या दोन पांढऱ्या चौकोनांत गावाचं नाव, खालच्या दोनांत क्लबचं.

३. पॉलिस्टरवर घरचा भिंतीचा रंग लावू नका. गुंडाळल्यावर तडे जातात आणि दुसऱ्या सामन्यापर्यंत अक्षरं पोपडे होऊन गळतात. कापडाचा रंग वापरा किंवा अक्षरं कापून शिवा. शिवलेली सगळ्यात टिकतात.

४. चारही कोपऱ्यांना आणि वरच्या कडेला दर दोन-अडीच फुटांवर धातूचे आयलेट ठोका. नुसतं भोक पाडलं तर वाऱ्यात फाटतं. बांधायला नायलॉन दोरी न्या. तार आणि केबल टाय गेटवर काढून घेतात.

५. मोठ्या बॅनरला कापड आग न पकडणारं असल्याचं प्रमाणपत्र मागतात. फवारा मारून केलेलं अग्निरोधन धुतल्यावर निघून जातं, तेव्हा धुऊ नका किंवा पुन्हा मारून घ्या.

६. गेट उघडताच आत जा. कठड्याच्या जागा अर्ध्या तासात संपतात. जाहिरातीचे फलक, जिन्यांची तोंडं आणि बाहेर पडायच्या दारांवरच्या पाट्या झाकल्या की कर्मचारी झेंडा उतरवतात, मग तो कितीही सुंदर असो.

काठीचा नियम मैदानागणिक वेगळा. काही ठिकाणी काठीच चालत नाही. क्लबच्या मैदान-नियमावलीत पाहून घ्या. राजकीय मजकूर युएफाच्या सामन्यांत महागात पडतो: २०१६ मध्ये इस्रायली क्लबविरुद्धच्या सामन्यात पॅलेस्टाईनचे झेंडे फडकले म्हणून सेल्टिकला दंड झाला, आणि चाहत्यांनी त्याच्या कित्येक पट रक्कम पॅलेस्टिनी संस्थांसाठी उभी केली.

घरावर झेंडा लावायला परवानगी लागते?

इंग्लंडमध्ये कोणत्याही देशाचा राष्ट्रीय झेंडा लावायला नियोजन खात्याची परवानगी लागत नाही. सेंट जॉर्जचा क्रॉस त्यात येतो. क्रीडा क्लबचा झेंडाही काही अटींवर चालतो, पण त्यावर प्रायोजकाचं चिन्ह नको. जागामालकाची संमती मात्र हवी. भाड्याच्या घरात करारनामा वाचा. रस्त्यावरचा दिव्याचा खांब तुमचा नाही.

कोणत्या गोष्टींनी थेट पोलीस केस होते?

इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या कायद्याने तीन गोष्टी गुन्हा आहेत: वस्तू फेकणं, वांशिक किंवा अश्लील घोषणा, आणि विनाकारण मैदानात उतरणं. वांशिक घोषणा समूहात बसून दिली तरी तुमचीच. फ्लेअर किंवा धुराचं नळकांडं घेऊन आत शिरणंही गुन्हा. खेळपट्टी दिसेल अशा जागी दारू पिता येत नाही, म्हणून मध्यंतराला सगळे स्टँडखाली गर्दी करतात. हिल्सबरो किंवा १९५८ च्या म्युनिक विमान अपघाताची टिंगल करणाऱ्या घोषणांवर, विमानासारखे हात पसरण्यावरही आता खटले भरले जातात.

शिक्षेसोबत ‘बॅनिंग ऑर्डर’ लागू शकते: तीन ते दहा वर्षं मैदानबंदी, आणि संघाच्या परदेशी सामन्यांच्या काळात पासपोर्ट पोलिसांकडे जमा. समाजमाध्यमांवर खेळाडूला वांशिक शिवीगाळ केली तरी ती लागते. विद्यार्थी व्हिसावर असाल तर गुन्ह्याची नोंद पुढच्या व्हिसा अर्जातही सांगावी लागते.

भारताच्या तिरंग्यावर ‘पुणे’ किंवा क्लबचं नाव लिहून नेलं तर?

नेऊ नका. ब्रिटनमध्ये युनियन जॅकवर काहीही लिहिलं तरी तेवढ्याने गुन्हा होत नाही, म्हणून तिकडचे चाहते बिनधास्त लिहितात. भारतात १९७१ च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यानुसार राष्ट्रध्वजावर मजकूर लिहिणं हा अवमान आहे आणि २००२ ची ध्वजसंहिताही तेच सांगते. तिरंगा कोरा न्या. गावाचं नाव लिहायचं तर वेगळं कापड घ्या, अक्षरं देवनागरीत ठेवली तरी कुणाची हरकत नसते. गेटवरचा कर्मचारी फक्त ‘यावर काय लिहिलंय?’ असं विचारतो, तेव्हा उत्तर तयार ठेवा.